बॅटरी (ऐच्छिक)

१२ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. स्वतःच्या गुडघ्याबद्दल चार ओळी आणि शेजाऱ्याच्या मांजराबद्दल दोन पानं, म्हणजे गुडघा दुखतोय हे मी समजून घेतलं. खरं तर फोनच करणार होते. पण तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये राहून तू कान तिथेच ठेवून आलास. मागच्या वेळी मी सोलर म्हणत होते आणि तू सासर समजून अर्धा तास माझी समजूत काढत होतास. तेव्हा पत्रच बरं.

तर आता नीट वाच. आपल्या घरावर सोलर बसवायचं मी ठरवलंय. तिघांकडून कोटेशनं मागवली, त्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. गेले आठ दिवस मी मशीनवर बसते, एक शिवण घालते आणि उठून पुन्हा ते कागद चाळते. एका बाईंचे पडदे त्या नादात उलटे शिवले. तू जन्मभर विजेशी खेळलास, तर सांग कुठला घेऊ.

पहिला टायवाला. बुटांना धूळ नाही, हातात टॅब. गच्चीवर गेलाच नाही, सोफ्यावर बसून त्याने मला रंगीत चित्रं दाखवली. चौदा पॅनेल, पंचवीस वर्षांची हमी, बिल जवळपास शून्यावर. सगळ्यात स्वस्तही तोच. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्याच्याच कंपनीने गेल्या वर्षी बसवलंय आणि बाई खूश आहेत. खाली दवाखाना, वर घर, तरी बिल निम्म्याहून कमी येतं म्हणाल्या.

दुसरा शिडीवाला. स्वतःची शिडी खांद्यावर घेऊन आला आणि दीड तास वर होता. पाण्याच्या टाकीची सावली किती वाजता कुठपर्यंत येते ते त्याने खडूने गच्चीवर आखून ठेवलंय. बोलतो मात्र असा, की एकेक शब्द पदरमोड करून आणलाय. चहाला हो म्हणायलाही त्याला वेळ लागला. त्याचा आकडा टायवाल्याच्या दीडपट आहे, कारण त्याने खाली ‘बॅटरी (ऐच्छिक)’ अशी एक ओळ घातलीय. ती काढली तर दोघे जवळपास सारखेच.

तिसरा आलाच नाही. उपग्रहाच्या फोटोवरून गच्ची मोजून कागद पाठवला. त्यात दोन पॅनेल थेट टाकीच्या पोटात बसवलीत, कारण टाकी गेल्या वर्षीची आणि फोटो त्याआधीचा. त्याला मी मनातून काढलंय, तुला नुसतं हसायला पाठवते.

खरं कारण तुला एकट्याला सांगते. ह्यांची फुप्फुसं आता त्या यंत्राशिवाय काम करत नाहीत. हवेतून प्राणवायू काढून नळीने नाकाशी पोचवणारं ते खोकं दिवसातले सोळा तास चालू असतं, आणि इथे आठवड्यातून दोनदा वीज जाते. एक जादा सिलिंडर आहे, पण तो किती पुरणार. सोलर असलं की दिवसा वीज गेली तरी आपलं छप्पर चालू राहील आणि सिलिंडर फक्त रात्रीसाठी उरेल. म्हणून बॅटरीची मला काही गरज दिसत नाही. ह्यांना मात्र मी बिलासाठी म्हणूनच सांगितलंय. त्यांच्यासाठी म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

बारीक अक्षर हे अर्थातच ह्यांचं खातं. तीन दिवस लाल पेन घेऊन बसले होते. टायवाल्याच्या कागदात अकरा चुका काढल्या, एके ठिकाणी ‘सौर’च्या जागी ‘सैर’ छापलंय म्हणून दुपारभर खूश होते. मजकूर ठीक आहे म्हणाले.

माझ्या डोळ्यांचं विचारू नकोस. ऑपरेशन होईल तेव्हा होईल. सुई अजून ओवता येते, बोटांनाच डोळे फुटलेत. लवकर कळव, टायवाला रोज फोन करतो.

लोभ आहेच, तो उत्तराच्या वेगावरून मोजला जाईल.
तुझी,
टाचणी


१४ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी हिच्या नकळत लिहीत आहे. मला श्वासाचे व्यायाम शिकवायला गुरुवारी एक बाई येतात, त्या जाताना पेटीत टाकतील. व्यायामाचा मला आजवर झालेला हा पहिला उपयोग.

हिने तुम्हाला तीन कोटेशनं पाठवली आहेत. त्यांतल्या पहिल्याचं पान चार काढा. तळाशी तिसरी टीप आहे, इतक्या लहान टाइपात की छापणाऱ्यालाही ती वाचली जाऊ नये असंच वाटत असावं. ‘वीजपुरवठा खंडित असताना प्रणाली कार्यरत राहणार नाही.’ म्हणजे बाहेरची वीज गेली की ऊन कितीही असो, चौदाच्या चौदा पॅनेल निजणार. तुम्हाला हे टीप न वाचताही ठाऊक असेल. हिला ठाऊक नाही. मला ती बिलाचंच सांगते, पण वीज गेली की गच्चीकडे बघते ते मला दिसतं; हिला वाटतं दिवसा छप्पर चालेल.

अडतीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. एक ओळ मुद्दाम सोडली असं कधी घडलं नाही. ही सोडली आहे.

कारण साधं आहे. बिलासाठी बॅटरी लागत नाही. डॉक्टरीणबाईंना लागली नाही, हिलाही लागणार नाही. दुसऱ्या कोटेशनात बॅटरीची ती एकच ओळ फक्त माझ्यासाठी आहे, आणि तिच्यापुढे तिची किंमत लिहिलेली आहे. बॅटरीची हमी दहा वर्षांची. माझी कोणी देत नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांना खोदून विचारलं तेव्हा ते दोन म्हणाले आणि मग खिडकीकडे बघत तीन म्हणाले. तोच पैसा हिच्या डोळ्यांना लागायला हवा. परवा हिने गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटाला गडद निळी बटणं लावली. मी पाहिलं आणि बोललो नाही. गिऱ्हाइकानेही पाहिलं नाही, पण असं किती दिवस चालेल?

तेव्हा विनंती एवढीच, की ती टीप तुम्हीही सोडून द्या. हिला तुमचा शब्द शेवटचा असतो. वीज जाते तेव्हा मी सिलिंडरवर निभावतो आहे, निभावीन.

तुमच्या गुडघ्यास आराम पडो. हे पत्र फाडून टाकावं.
आपला,
प्रूफसाहेब (हे नाव तुम्हीच ठेवलेलं)


२२ मार्च

चि. सौ. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि कागद मिळाले. उशीर झाला खरा. दोनदा लिहायला बसलो, दोन्ही वेळा मांजराने दौत सांडली. दौत मी वापरत नाही हे तुला माहीत आहे, पण कारण म्हणून चालवून घे.

तिघांचे कागद पाहिले. तिसऱ्याला टाकीत बुडवलंस ते योग्यच. पॅनेल टायवाल्याची चांगली आहेत. लोखंडी सांगाडा शिडीवाल्याचा जास्त मजबूत वाटतो, वाऱ्याला टिकेल. तारांचा जाडपणा दोघांनीही बरोबर धरलाय. बिल कमी करायचं एवढाच हेतू असेल तर पहिल्यात वावगं काही नाही. शेजारी अनुभव आहेच. टायवाल्याला टाकीच्या सावलीबद्दल मात्र विचार आणि तो गच्चीवर चढल्याशिवाय सही करू नकोस.

बाकी इकडे ठीक. गुडघा वर जाताना दुखतो, उतरताना जास्त. समोरच्या इमारतीला रंग देताहेत, दिवसभर दोरीला लटकलेली माणसं पाहत गॅलरीत येरझारा घालतो. एका जागी बसवत नाही. जेवणाची चव गेलीय, हवा बदलल्यामुळे असेल.

डोळ्यांचं तू टाळतेस. टाळू नकोस. बाकी काय लिहू. बरंच लिहायचं होतं असं वाटतंय.

घरातल्या दोघांवरही माया आहे, ती दोघांनी सारखी वाटून घ्यावी.
तुझा,
दादा


२२ मार्च

प्रिय प्रूफसाहेब,
स. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. खोटं लिहिलं नाही, नुसतं खरं लिहिलं नाही. तिला लिहिलेला कागद आत्ता समोर आहे आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

जहाजावर एकदा एका पंपाचा वास मला आला होता. जळकट, अगदी थोडा. वर कळवलं असतं तर बंदरात एक दिवस जास्त गेला असता, म्हणून गप्प बसलो. पुढे चार दिवस सगळं व्यवस्थित चाललं आणि ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आज तसंच होतंय.

महिनाअखेरपर्यंत तुम्ही स्वतः तिला सांगा. नाही सांगितलंत तर मी लिहीन. तुमचं पत्र फाडलेलं नाही.

रागावलात तरी चालेल, पण सांगा.
तुमचा,
दादा


१२ एप्रिल

दादा,

नमस्कार. आज वि. वि. वगैरे नाही.

मंगळवारी सकाळी दहाला वीज गेली. मी ह्यांना सिलिंडरवर घातलं. काट्याने अर्ध्याच्या खाली दाखवलं. मागच्या वेळी किती वापरला गेला ते माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. अकरा वाजले तरी वीज नाही. वीज कचेरीत फोन लावला तर म्हणाले रोहित्र जळलंय, संध्याकाळ होईल. सिलिंडरवाल्याला फोन केला, तो म्हणाला गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, दीड-दोन तास धरा. काटा तांबड्याजवळ गेला. ह्यांनी स्वतःच हात लांबवून धार कमी केली आणि मला खुणेने सांगितलं की काही होत नाही. त्यांची नखं निळसर दिसत होती. माझ्या डोळ्यांना दिसली म्हणजे बघ.

बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. मला एकदम डॉक्टरीणबाईंचं छप्पर दिसलं. काळी काळी चकचकीत पॅनेल, सगळी उन्हात न्हालेली. मी मनात म्हटलं, अगं मूर्ख बाई, वीज तर शेजारी पडलीय. यंत्राचं खोकं चाकांवरून ओढत, फाटकाच्या उंबऱ्यावर आदळत तशीच धावले. बाई दारातच उभ्या होत्या, मास्क गळ्यात, पुस्तकाने वारा घेत. त्यांचा दवाखाना बंद. पंखा बंद. मला काही कळेना. त्या म्हणाल्या की हे वीज गेली की बंदच होतं, बॅटरी नसली की असंच असतं, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का.

कोणी सांगितलं नाही दादा.

ते खोकं तसंच ओढत परत आणलं. बाईही मागोमाग आल्या. ह्यांना टेकून बसवलं, नाडी धरून माझ्याशी काहीतरी बोलत राहिल्या आणि त्यांनीच रुग्णवाहिका बोलावली. ती आली साडेबाराला. त्यांच्या गाडीतल्या सिलिंडरवर ह्यांनी अडीच तास फाटकासमोरच काढले, दवाखान्यात जायला तयार नव्हते. गाडीतला माणूस भला होता, थांबला. तीनला वीज आली, सिलिंडरची गाडी त्याच्याही नंतर.

आता ठीक आहेत. दमलेत. मी ठीक नाही. टायवाल्याला सोमवारी आगाऊ रक्कम द्यायची होती, पावतीसुद्धा लिहून झाली होती.

तुला हे माहीत नसेल असं मी स्वतःला पाच दिवस सांगून पाहिलं. तीस वर्षं ज्याने जहाजांना वीज पुरवली त्याला हे माहीत नसेल? तुझं पत्र पुन्हा वाचलं. ‘बिल कमी करायचं एवढाच हेतू असेल तर’. मी खरा हेतू तुला लिहिला होता. तू तो वाचला होतास. मग हे वाक्य तू कोणाला लिहिलंस?

उत्तर दे.
टाचणी


१६ एप्रिल

चि. टाचणीस,
आशीर्वाद देण्याचा तोंडाला अधिकार नाही, तरी देतो.

मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

बाहेरची वीज गेली की असं सोलर आपोआप बंद होतं, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर आपल्या छपरावरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या माणसाला मारेल. बॅटरी आणि तिच्याबरोबरचं वेगळं यंत्र असेल तर घर बाहेरच्या तारेपासून तुटतं आणि आपल्यापुरतं चालू राहतं. इतकं साधं आहे. या चार ओळी मी मार्चमध्ये लिहिल्या असत्या तर तू ते खोकं उन्हात ओढत गेली नसतीस. तुझं पत्र आल्यापासून मला ते फाटक दिसतंय, आणि मी ते तुझं फाटक कधी नीट पाहिलेलंही नाही.

का लिहिलं नाही, ते विचारशील. एकाला शब्द दिला होता. देऊ नये तिथे दिला. महिनाअखेरीची मुदत घातली होती. ती संपली तरी, आज लिहितो उद्या लिहितो करत मीच सहा दिवस घालवले. तेवढ्यात मंगळवार आला. त्या सहा दिवसांना काही कारण नाही. पोस्टाच्या पेटीपर्यंत रोज जाऊन येत होतो.

टायवाल्याचं पान चार काढ. तिसरी टीप वाच. मग शिव्या दे, पण सगळ्या मलाच दे. दुसऱ्याच्या वाट्याच्याही मी घेतो.

शिडीवाल्याला हे विचार. वीज गेली की किती सेकंदांत बॅटरी सुरू होते? घरातल्या कुठल्या वस्तू तिच्यावर असतील? ढगाळ दिवसात किती तास निघतील? आणि ही उत्तरं त्याच्याकडून लिहून घे, तोंडी नको. चौदा पॅनेल कशाला हवीत तेही विचार. थोडी कमी करून त्या पैशात बॅटरी बसते का ते बघायला सांग.

लोभ ठेव असं म्हणवत नाही. उरला असेल तर बाजूला काढून ठेव, मी मागायला येईन.
दादा


२४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वि. वि. परत आलं, यावरून काय ते समज. पूर्ण आलेलं नाही, अर्ध्या वाटेवर आहे.

पान चार काढलं. कापडाचा धागा मोजायचं भिंग असतं ना, ते लावून तिसरी टीप वाचली. मग तेच पान उजेडात धरलं. वरच्या बाजूला लाल शाईच्या दोन खुणा, उजवीकडे एक, दुसऱ्या टिपेत स्वल्पविरामावर एक. तिसरी टीप कोरी. ज्या माणसाने ‘सैर’ सोडली नाही, स्वल्पविराम सोडला नाही, त्याने ही ओळ सोडली. तू नाव सांगितलं नाहीस, पण शाईने सांगितलं.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. घरात तेवढा त्या खोक्याचा आवाज. मी स्वयंपाक करायची, ताट ठेवायची, मशीनवर जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच बोलले. डोळे, पैसे, दोन वर्षं, तीन वर्षं, सगळं. निळ्या बटणांचंही सांगितलं, त्याची मला लाज वाटली आणि रागही आला. मी त्यांना एकच विचारलं, की नळी माझ्या नाकाला असती तर ती ओळ तुम्ही सोडली असतीत का. ते चष्मा काढून पुसत बसले. चांगली पाच मिनिटं पुसत होते.

मग भांडण झालं, आणि दादा, काय सांगू, बरं वाटलं. आधी मी ओरडले. त्यांना ओरडायला दम पुरत नाही, म्हणून ते पाटीवर लिहून भांडले. तिथेही शुद्धलेखन चोख. शेवटी त्यांनी अट घातली. बॅटरी येईल, पण त्याच्या आगेमागे माझा एक डोळा तरी झालाच पाहिजे, आणि तारीख आधी डोळ्याची ठरली पाहिजे. मी म्हटलं ठरली. लगेच दवाखान्यात फोन लावायला लावला मला, समोर बसून ऐकत होते.

शिडीवाल्याला बोलावलं. तुझे प्रश्न वाचून दाखवले. त्याने प्रत्येकाचं उत्तर कागदावर लिहून खाली सही केली. चौदाची आठ पॅनेल केली. म्हणजे बिल शून्य होणार नाही, अर्ध्याच्या आसपास राहील. बॅटरीवर ह्यांचं यंत्र, एक पंखा, दोन दिवे आणि माझं एक मशीन. मी विचारलं की पहिल्या कागदात बॅटरी का घातली होतीस, मागितली नसताना. तो म्हणाला की शिडी लावताना खिडकीतून यंत्र दिसलं होतं. मग मला सांगितलं का नाहीस म्हटलं, तर म्हणाला की साहेब खिडकीतून बघत होते आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. घ्या! म्हणजे तुम्ही दोघे नव्हे, तिघे होतात. पुरुषांची ही केवढी मोठी मंडळी माझ्यापासून एक ओळ लपवायला जमली होती!

त्या कागदात मी एकच बदल करून घेतला. बॅटरीची वेगळी ओळ काढून टाकायला लावली. पॅनेल, सांगाडा, तारा, बॅटरी, सगळ्यांचा मिळून एकच आकडा. तो म्हणाला की मग तुम्हाला दुसऱ्यांच्या कोटेशनशी तुलना करता येणार नाही. मी म्हटलं, करायचीच नाहीये.

तुझी शिक्षा अशी. काम सुरू झालं की इथे यायचं आणि एकेक तार तपासायची. गुडघ्याची सबब चालणार नाही, आमच्या जिन्याला अकराच पायऱ्या आहेत. मांजराला आणलंस तरी माझी हरकत नाही.

लोभ बाजूला काढून ठेवलाय. येऊन घेऊन जा.
तुझी,
टाचणी


१२ जून

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी लिहितो आहे, कारण सोमवारी हिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आठवडाभर लिहिणं, शिवणं, वाकणं आणि चिडणं बंद सांगितलं आहे. पहिली तीन ती पाळते. डोळा उत्तम आहे. पट्टी बदलताना क्षणभर उघडला तर समोरच्या भिंतीला पडलेली भेग दिसली म्हणाली, आणि ती कधीपासून आहे असं मला दरडावून विचारलं. पाच वर्षांपासून आहे.

तुम्ही मे महिन्यात येऊन गेलात त्याची आठवण इकडे निघते. शिडीवाला परवा तपासणीला आला होता, तेव्हा जमिनीत पुरलेल्या तारेवरून ओरडणारे साहेब गेले का, हे त्याने आधी फाटकाबाहेरून विचारून घेतलं. ती तार त्याने तुमच्या म्हणण्याप्रमाणे बदलली होती, हेही त्याने तुम्हाला कळवायला सांगितलं.

आता मूळ गोष्ट. काल अकराच्या सुमाराला मी हिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. मी वाचताना छपाईच्या चुका सांगत वाचतो, हिला नुसती बातमी हवी असते, त्यावरून आमची जुंपली होती. तेवढ्यात डॉक्टरीणबाई धावत आल्या. हातात रबरी मोजे, कपाळाला घाम. वीज जाऊन पंधरा मिनिटं झाली होती. आम्हाला पत्ताच नव्हता. पंखा फिरत होता, यंत्र चालू होतं, आम्ही भांडत होतो.

बाईंच्या खुर्चीत एक माणूस तोंड उघडं टाकून बसला होता. दाढ अर्धी कोरून झाली, आणि यंत्र बंद. दुखणं थांबवणारी सुई उतरायच्या आत काम पुरं व्हायला हवं. लांब तारेने तुमच्याकडून अर्धा तास वीज मिळेल का, असं त्यांनी विचारलं. हिने विचारही केला नाही. ताबडतोब हो म्हणाली आणि एक डोळा झाकलेला असताना कपाटाला धडकत तारेचं वेटोळं शोधायला गेली.

मी भिंतीवरच्या पेटीकडे पाहिलं. बॅटरी चौसष्ट टक्के. आभाळ गच्च भरलेलं, पॅनेलमधून नावापुरती वीज येत होती. आणि दादा, मी मोजायला लागलो. माझं यंत्र तासाला इतकं घेतं, दाढ कोरायचं यंत्र आणि त्याचा हवेचा पंप मिळून इतकं घेणार, रोहित्र जळलं असेल तर संध्याकाळ होणार, मग माझ्याकडे किती उरणार. मनातल्या मनात भराभर. त्या माणसाला सरळ रुग्णालयात न्या, असं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पूर्ण वाक्य, विरामचिन्हांसह. तेवढ्यात हिने खटका दाबलाही.

पुढचा अर्धा तास मी त्या आकड्यावरून नजर हलवली नाही. त्रेसष्ट, बासष्ट. सत्तावन्नावर थांबला. दाढ पुरी झाली. तो माणूस नंतर स्वतः आभार मानायला आला. सुन्न तोंडाने बोलत होता, निम्मे शब्द ओठांतून घरंगळून खाली पडत होते, तरी त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मला त्याच्याकडे नीट बघता येईना. दोन वाजता वीज आली. दिवसभर मी इथून तिथे फिरत राहिलो, नळीची लांबी पुरेल तेवढा. कशावरच मन लागेना.

मार्चमध्ये मी तुम्हाला लिहिलं, तेव्हा मला वाटलं होतं की मी फार मोठ्या मनाने काही सोडतो आहे. हिने पाटी पुढे करून भांडायला लावलं तेव्हाही मी तेच लिहीत होतो. ते खरं नव्हतं. कागदावर माझ्यापुढे किंमत लिहिलेली पाहून मी घाबरलो होतो, आणि कोणी नको म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकावं असं मला झालं होतं. काल मात्र मी एका दाढेशी सात टक्क्यांसाठी भांडत होतो. मनातल्या मनात, पण कडाक्याने. सबंध बॅटरी नको म्हणणाऱ्या माणसाला त्यातला अर्धा तास सोडवत नव्हता.

लाज वाटली. पण खरं सांगू? लाज थोडी आणि आनंद फार. रात्री झोपेपर्यंत मला हसू येत होतं आणि हिला वाटत होतं की मी भिंतीतल्या भेगेला हसतोय. मला हवंय, दादा. चांगलं भरपूर हवंय.

आपण दोघांनी माझे उरलेले तास सोडण्याच्या बाबतीत आणखी कंजूस व्हावं आणि लोभाच्या बाबतीत उधळे, ही विनंती.
आपला,
प्रूफसाहेब